हायड्रोसायक्लोन असूनही उन्हाळ्यात ठिबकात रेती येते, ती का?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातून ही तक्रार दर वर्षी एकाच सुमाराला येते. थंडीत सगळं सुरळीत चालतं. होळी झाली, ऊन तापलं, की जाळीचा फिल्टर तासातासाला धुवावा लागतो. नळ्यांच्या टोकाला रेती निघते आणि निसवलेल्या केळीच्या शेवटच्या ओळींना पाणी पुरत नाही. शेतकरी विचारतो, हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा शंकू, तर बसवलाय, मग रेती येते कुठून? बहुतेक वेळा सल्ला मिळतो, "लहान पडतोय, मोठा बसवा." मोठा बसवला की पुढच्या उन्हाळ्यात त्रास आणखी वाढतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सायक्लोन सहसा लहान पडत नाही, त्याला पाणी कमी पडतं. आपण तो पाइपाच्या इंचावर विकत घेतो, पण तो चालतो तासाला किती पाणी जातं त्यावर. आणि आपल्याकडे तो आकडा दिवाळीत एक असतो, वैशाखात दुसराच.

सायक्लोनमध्ये एकही हलणारा भाग नाही. पाणी कडेने, तिरकं आत शिरतं आणि भिंतीला धरून गरगर फिरतं. जड रेती भिंतीकडे फेकली जाते, निमुळत्या शंकूतून घसरत खालच्या टाकीत पडते. मधलं स्वच्छ पाणी उलट फिरून वरच्या मधल्या नळीतून बाहेर पडतं. ही सगळी करामत पाण्याच्या वेगाची आहे. वारं पडलं की उपणणी थांबते, कारण दाणे आणि भुसकट वेगळं करणारं दुसरं काही तिथे नसतंच. सायक्लोनचंही अगदी तसंच आहे.

ढोबळ गणित सांगतो. त्याच सायक्लोनमधून जाणारं पाणी निम्मं झालं, की पकडीत येणारा सर्वांत बारीक कण साधारण 1.4 पट मोठा होतो. म्हणजे जो 75 मायक्रॉनपर्यंतची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रेती पकडत होता, तो आता 105 मायक्रॉनच्या आसपासची पकडतो. त्याखालची पुढे जाते. ठिबकाची जाळी किंवा डिस्क साधारण 100 ते 130 मायक्रॉनची असते, म्हणजे जाळीच्या भोकात नेमकी अडकेल अशा मापाची रेती आता तिच्यावर येऊन बसते. आता मोठ्या सायक्लोनचं बघा. पाणी तेवढंच ठेवून दुप्पट व्यासाचा सायक्लोन बसवला तर तोच कण 2.8 पट होतो, 75 चा 210 मायक्रॉन. "मोठा बसवा" हा सल्ला इतका महागात का पडतो, ते या आकड्यावरून कळावं. कंपनीने दिलेल्या किमान प्रवाहाच्याही खाली गेलात तर हे गणितसुद्धा टिकत नाही. पाणी नीट फिरतच नाही आणि सायक्लोन म्हणजे पाइपातला नुसता फुगवटा उरतो.

आता उन्हाळाच का, ते बघू. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, जमीन गाळाची आहे: वाळू, माती, चिकण, आणि पायथ्याजवळ गोटे. तिथल्या खोल कूपनलिकांत पाणी झिरपतं ते या वाळूच्या थरांतून. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की मोटरला पाणी जास्त उंच उचलावं लागतं, त्यामुळे मोटर तीच असूनही पाणी कमी येतं. दुसरीकडे कूपनलिकेच्या आतली आणि बाहेरची पातळी यांतला फरक वाढतो, बोअरमधल्या जाळीच्या (भोकं पाडलेल्या) पाइपाकडे पाणी जोराने ओढलं जातं आणि सोबत वाळू आणतं. म्हणजे रेती वाढते त्याच दिवसांत सायक्लोनची ताकद उतरते. बागेला पाणी तर तेव्हाच जास्त लागतं. सगळी संकटं एकाच महिन्यात येतात ती अशी.

पहिली तपासणी बाटलीची. या एका तपासणीने निम्म्या तक्रारींची दिशा बदलते, म्हणून ती टाळू नका. एक फूट उंचीची पारदर्शक बाटली किंवा बरणी घ्या. सायक्लोनच्या आधीचं पाणी भरा, जोरात हलवा, खाली ठेवा, मोबाइलवर एक मिनिट मोजा. 75 मायक्रॉनचा रेतीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे 5 मिलिमीटर खाली जातो, म्हणजे एक फूट उतरायला त्याला एक मिनिट लागतं. मिनिटभरात तळाशी बसलं ते सायक्लोनने पकडायला हवं. जे गढूळ तरंगत राहिलं ते सायक्लोनचं काम नाही. चिकण मातीचा 2 मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर उतरायला जवळपास अख्खा दिवस घेतो. त्याला पकडणारा सायक्लोन शेतात मिळणार नाही, कोणी कितीही भरवसा दिला तरी.

मग तशीच बाटली सायक्लोननंतरच्या पाण्याने भरा आणि दोन्ही शेजारी ठेवा. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी रेती दिसली तरच दोष सायक्लोनमध्ये किंवा त्याच्या मांडणीत आहे. ती स्वच्छ असेल आणि तरी जाळी चोंदत असेल, तर जाळीवरचा थर बोटाने चोळून बघा. बुळबुळीत, हिरवट असेल तर शेवाळ. पांढरा, टणक आणि आम्ल टाकल्यावर फेसाळणारा असेल तर क्षार. तांबूस चिकट असेल तर लोहाचा गाळ. या तिघांवर सायक्लोनचा काही उपाय चालत नाही. आणखी एक, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: दाणे सगळे एकाच मापाचे, टोकदार, साधारण मिलिमीटरभराचे असतील तर ती बोअरची रेती नव्हेच. तुमच्या सँड फिल्टरच्या आतली चाळणी फुटली आहे आणि त्याचीच वाळू पुढे चालली आहे.

रेती किती येते हेही एकदा मोजून ठेवा. 20 लिटरच्या बादलीत पाणी घ्या, बसू द्या, वरचं ओता, तळाची रेती वाळवून वजन करा. जळगावच्या सराफ्यात ग्रॅमाचे काटे कमी नाहीत, ओळखीच्या दुकानात काम होतं. बादलीत 1 ग्रॅम रेती म्हणजे घनमीटरला 50 ग्रॅम. तासाला 20 घनमीटर पाणी, वीज 8 तास, म्हणजे दिवसाला 160 घनमीटर पाणी आणि 8 किलो रेती, आकारमानाने सुमारे 5 लिटर. उन्हाळ्यात रेती दहापट झाली तर दिवसाला 80 किलो, 50 लिटर. आता आपल्या सायक्लोनखालची टाकी किती लिटरची आहे ते बघा. ती भरली की खाली उतरलेली रेती भोवऱ्यासोबत पुन्हा वर उचलली जाते आणि मधल्या नळीतून थेट ठिबकात जाते. सायक्लोन कितीही चांगला असो, टाकी भरल्यावर तो नसल्यासारखाच.

म्हणून टाकी "आठवण झाली की" रिकामी करायची ही सवय उन्हाळ्यात चालत नाही. पाणी चालू असतानाच खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. सुरुवातीला दर तासाला करून बघा, किती रेती निघते त्यावरून पुढचा वेळ ठरवा. रेती फार असेल तर मी व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून बारीक धार सतत चालू ठेवायला सांगतो. थोडं पाणी जातं, पण ते खड्ड्यात निवळवून झाडांना देता येतं. खाली सतत ओढ राहिल्याने रेती टाकीत उतरायलाही मदत होते. पाणी वाया जातं म्हणून पुष्कळ जण याला तयार होत नाहीत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की चोंदलेल्या नळ्या बदलायचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

इथे एक सावधगिरी. खडी क्रशरवर वाळू धुण्याच्या प्लांटमध्येही हायड्रोसायक्लोन असतो, आणि तिथला अनुभवी ऑपरेटर मदतीला आला तर तो खालचं तोंड, स्पिगॉट, बदलायला सांगेल. त्याच्या जागी तो बरोबर आहे. तिथे खालचं तोंड कायम उघडं असतं. माल छत्रीसारखा पसरून पडला तर ठीक, दोरीसारखा घट्ट पडायला लागला तर तोंड लहान पडतंय किंवा येणारा गाळ फार दाट झालाय, आणि जाड माल वरून पाण्यासोबत निघून जातो. तोंड फार मोठं केलं तर वाळूसोबत नको तेवढं पाणी आणि भुकटी खाली येते, पुढच्या पाणी काढणाऱ्या चाळणीवर ताण पडतो. शेतातल्या सायक्लोनचं खालचं तोंड बंद टाकीत उघडतं. तिथे छत्री नाही, दोरीही नाही. आपल्या हातात समायोजनाची खरी जागा एकच आहे, प्रवाह.

तो प्रवाह सायक्लोनला पुरतो की नाही, हे प्रेशर गेज सांगतं. सायक्लोनच्या आधी आणि नंतर दाब बघा. चांगला चालणारा सायक्लोन साधारण 0.3 ते 0.5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब खातो. हा दाब खाणं म्हणजे बिघाड नव्हे, त्याच ताकदीवर रेती वेगळी होते. फरक 0.1 किलो असेल तर आत पाणी फिरत नाही असं समजा. दोन वेगळे गेज लावू नका, दोघांच्या काट्यांत एवढा फरक असतोच. एकच गेज दोन्ही ठिकाणी फिरवून लावता येईल असे बिंदू ठेवा. आणि 10 किलोच्या गेजवर 0.3 चा फरक वाचता येत नाही, 0 ते 4 किलोचं घ्या.

जाळीच्या फिल्टरमध्ये घाण साचली की दाबाचा फरक वाढत जातो. सायक्लोनमध्ये तसं होत नाही. प्रवाह तोच असेल तर फरकही तोच राहायला हवा. प्रवाह कमी झाला तर फरक वर्गाने उतरतो: तासाला 30 घनमीटरला 0.5 किलो असेल तर 20 ला 0.22 आणि 15 ला जेमतेम 0.12. म्हणून बसवल्या दिवशीच, नव्या सायक्लोनवर, प्रवाह आणि फरक दोन्ही लिहून ठेवा. पुढे त्याच प्रवाहाला फरक वाढला तर पाणी शिरायच्या तोंडात किंवा मधल्या नळीत काहीतरी अडकलं आहे, दगड, पाइपाचा तुकडा, फाटलेल्या गॅस्केटचा कपटा. त्याच प्रवाहाला फरक घटला तर आतून झीज झाली आहे. रेती मधल्या नळीला भोक पाडते आणि गढूळ पाणी फिरायच्या आधीच आडवाटेने बाहेर पडतं. शंकूची झीज बाहेरून गळतीने कळते, मधल्या नळीची कळत नाही. ती उघडूनच बघावी लागते.

प्रवाह मोजायला पाण्याचं मीटर असेल तर उत्तम. नसेल तर 200 लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि 720 ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर तासाला घनमीटरमध्ये येतं. 24 सेकंद म्हणजे 30, 48 सेकंद म्हणजे 15. मात्र ड्रममध्ये मोकळं सोडलेलं पाणी ठिबकात जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतं. म्हणून व्हॉल्व्ह दाबून गेजवर ठिबक चालताना असतो तेवढाच दाब आणा आणि मग मोजा. दुसरी बाजू ड्रीपरची: एका सेक्शनमध्ये, म्हणजे एका वेळी पाणी सोडायच्या भागात, ताशी 4 लिटरचे 5000 ड्रीपर असतील तर तो सेक्शन 20 घनमीटर पाणी घेतो, त्याहून जास्त नाही. कित्येक ठिकाणी बोअरला पाणी भरपूर असतं, पण सेक्शन इतके लहान पाडलेले असतात की सायक्लोन बाराही महिने उपाशी चालतो. तिथे दोन सेक्शन एकत्र सोडले की रेती थांबते आणि नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

बोअरचंच पाणी कमी झालं असेल तर मात्र मांडणी बदलावी लागते. एका मोठ्याऐवजी दोन लहान, सारख्या मापाचे सायक्लोन समांतर लावा, प्रत्येकाला पुढे-मागे व्हॉल्व्ह आणि प्रत्येकाची टाकी वेगळी. दोघांना एकच टाकी दिली आणि दाबात थोडा जरी फरक पडला, तरी टाकीतून एकाकडून दुसऱ्याकडे पाणी वाहतं आणि रेती ढवळली जाते. पावसाळ्यानंतर दोन्ही चालवा. उन्हाळ्यात प्रवाह निम्म्यावर आला की एक बंद करा, दुसऱ्याला त्याचं पूर्ण पाणी मिळतं. खरेदी करताना दुकानात तीन इंची, अडीच इंची असं मागू नका. मे महिन्यातलं मोजलेलं पाणी सांगा आणि कोणत्या मॉडेलची किमान-कमाल मर्यादा त्यात बसते ते पत्रकात बघून घ्या. नवीन बागेच्या वेळी, केळीची मृगबाग (पावसाळ्यातली लागण) असो की कांदेबाग (पावसाळा सरतानाची लागण), दुकानात जाण्याआधी हा आकडा हातात असायला हवा. दोन सायक्लोनचा खर्च परवडत नसेल तर एकच घ्या, पण उन्हाळ्याच्या प्रवाहाला बसेल असा लहान. हिवाळ्यात तो बराच जास्त दाब खाईल. मोटरला तेवढा दाब शिल्लक आहे का, हे मात्र आधी बघा.

मांडणीतल्या काही गोष्टी झटकन सांगतो. सायक्लोन उभा सरळ हवा. पाणी शिरायच्या तोंडाच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या किमान पाच-दहापट लांबीचा सरळ पाइप हवा, एल्बो लगेच चिकटवला की पाणी आत शिरतानाच भोवरा बिघडतो. व्हॉल्व्हने पाणी दाबायचं असेल तर तो सायक्लोनच्या पुढे, ठिबकाच्या बाजूला ठेवा, तोंडाशी नको. क्रम असा: आधी सायक्लोन, मग सँड फिल्टर असला तर तो, शेवटी जाळी किंवा डिस्क. सायक्लोन आहे म्हणून जाळी काढून टाकणारे मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका, कारण मोटर चालू-बंद होताना भोवरा बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात थोडी रेती पुढे जातेच.

हा चालू-बंदचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. वीज जाते-येते, ऑटो स्टार्टर लावलेला असतो, रात्रीच्या पाळीला शेतात कोणी नसतं. मोटर बंद झाली की पाइपातली रेती खाली बसते, आणि सुरू होताना बोअरमधून सगळ्यात घाण पाणी पहिल्या काही मिनिटांत येतं. दिवसभराच्या रेतीने आधीच भरलेल्या टाकीवर तो लोंढा येऊन आदळतो. शक्य असेल तर सायक्लोनच्या आधी बायपास ठेवा आणि सुरुवातीचं पाणी दांडात सोडा, निवळ आल्यावरच ठिबकाकडे वळवा. रात्री कोणी जाणार नसेल तर निदान मोटर स्वतः सुरू होण्याआधी टाकी रिकामी असेल एवढं संध्याकाळी बघा.

जाळी वारंवार चोंदत होती आणि एके दिवशी दाब आपोआप छान झाला, तर आधी जाळी बाहेर काढून उन्हासमोर धरा. रेतीच्या माराने ती फाटलेली असू शकते. तशी निघाली तर सबमेनचे (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाचे) फ्लश व्हॉल्व्ह आणि नळ्यांची टोकं उघडून धुऊन घ्या. नळीच्या शेवटी वेग सगळ्यात कमी असतो, रेती तिथेच साचते.

धुळे, शिंदखेडा, पारोळा भागातल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नये. तिथे खाली काळा पाषाण आहे. नव्या बोअरमधून सुरुवातीला दगडाचा चुरा येतो, तो सायक्लोनने निघतो आणि बोअर स्वच्छ झाल्यावर सहसा कमी होतो. शेततळ्यावरून ठिबक असेल तर त्रास शेवाळाचा असतो. शेवाळ पाण्याएवढंच हलकं, सायक्लोनमध्ये ते भिंतीकडे जातच नाही. तिथे पैसे सँड फिल्टरवर घाला.

आणि एवढं करूनही दुसऱ्या बाटलीत रेती बसत असेल, किंवा बादलीतली रेती महिन्यागणिक वाढत असेल, तर बोअरकडे वळा. मोटर जाळीच्या पाइपासमोर टांगलेली असेल तर ती वर किंवा खाली, आंधळ्या (भोकं नसलेल्या) पाइपात घ्या, नाहीतर वाळू थेट मोटरमध्ये ओढली जाते आणि पंख्यांचीही झीज होते. व्हॉल्व्ह थोडा दाबून पाणी कमी काढून बघा. त्याने रेती एकदम घटली तर तुम्ही बोअरच्या कुवतीपेक्षा जास्त ओढत होतात. मग लहान मोटर, जास्त तास, हाच मार्ग. कॉम्प्रेसरने बोअर धुऊन घेतल्यावर जाळीभोवतीची बारीक वाळू निघून जाते आणि कित्येक बोअर पुढे स्वच्छ चालतात. पण धुतानाही रेती थांबतच नसेल, किंवा रेतीसोबत पाइपाभोवती भरलेली खडी वर येत असेल, तर पाइप फुटलेला आहे. तो आत कॅमेरा सोडून बघून घ्या. तोवर नवीन सायक्लोनसाठी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.